लोखंड एकच, खेळ दोन

तालुक्याच्या गावातसुद्धा आता जिम निघाली आहे. बाहेरच्या फलकावर शिरा तट्ट फुगलेल्या एखाद्या पुरुषाचा फोटो आणि त्याच्या दंडाखाली बारीक अक्षरांत ‘लेडीज बॅच दुपारी १२ ते ४’. आत गेलं की बायकांना ट्रेडमिल दाखवतात, पोट कमी करायचे चार व्यायाम सांगतात. कोपऱ्यातल्या लांब लोखंडी बारकडे कुणी पाहिलंच तर उत्तर ठरलेलं असतं, ‘ते जेन्ट्सचं आहे मॅडम.’ तरीही मुली त्या बारपर्यंत पोचायला लागल्यात आणि त्यांच्या पाठोपाठ घरच्यांच्या काळज्याही.

अशा काळजीची दोन पत्रं माझ्यासमोर आहेत. एक आईचं. मुलगी अकरावीत आहे, शाळेत गोळाफेक करायची, आता पॉवरलिफ्टिंग करायचं म्हणते. आई लिहितात, ‘आम्ही नको म्हणतोय, कारण ते बॉडीबिल्डिंगवाल्यांसारखं शरीर मुलीच्या जातीला शोभत नाही. शिवाय ती सगळं सोडून उकडलेल्या अंड्यांवर राहील, पाळी बिघडेल, उद्या लग्नाचं काय?’ दुसरं पत्र कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलीचं. पॉवरलिफ्टिंगच्या जिल्हा स्पर्धेत उतरायचंय, असं तिने जिममधल्या सरांना सांगितलं. सरांनी त्याच दिवशी तिचा भात, पोळी, केळी, दूध बंद केलं आणि काही हजारांचा पावडरचा डबा घ्यायला लावला. तीन महिन्यांत तिचं वजन सहा किलोंनी उतरलं. पूर्वी सहज उचलायची ते वजन आता उचलत नाही आणि दोन महिने पाळी आलेली नाही. ‘माझी मेहनत कमी पडतेय का?’ असं ती विचारते.

नाही गं बाळा, मेहनत कमी नाही. तुझ्या सरांनी तुला एका खेळाला पाठवलं आणि डबा मात्र दुसऱ्याच खेळाचा बांधून दिला.

दोन्ही पत्रांत घोटाळा एकच आहे. लोखंड उचलणारे सगळे ‘बॉडीबिल्डर’, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हे तीन निरनिराळे खेळ आहेत. कर्णम मल्लेश्वरीने २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, मीराबाई चानूने २०२१ मध्ये टोकियोत रौप्य मिळवलं, आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं, ते सगळं वेटलिफ्टिंग. त्यात बार डोक्यावर न्यायचा असतो. त्याचा विषय आज बाजूला ठेवू. उरले दोन, पॉवरलिफ्टिंग आणि बॉडीबिल्डिंग. दोन्ही ऑलिम्पिकमध्ये नाहीत. (पॅरालिम्पिकमध्ये मात्र बेंच प्रेस पॉवरलिफ्टिंग याच नावाने आहे आणि २००० पासून त्यात स्त्रियाही उतरतात.)

पॉवरलिफ्टिंगमध्ये तीनच प्रकार. स्क्वॉट, म्हणजे खांद्यामागे बार घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. आणि डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं. प्रत्येक प्रकाराला तीन संधी. तिन्हीतलं ज्याचं त्याचं सर्वांत जास्त वजन घेऊन बेरीज करायची, की झाला निकाल. समजा एखाद्या मुलीने स्क्वॉटला ८०, बेंचला ४० आणि डेडलिफ्टला ९५ किलो उचललं, तर तिचे २१५ किलो. दुसरीचे २१७.५ झाले तर दुसरी पुढे. संपलं!

मी अशी एक स्पर्धा जिल्ह्याच्या ठिकाणी एका शाळेच्या हॉलमध्ये पाहिली होती. पत्र्याचं छप्पर, घरघरणारे पंखे, हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीने सगळी फरशी पिठाळलेली. तीन बाजूंना तीन पंच बसतात, प्रत्येकाच्या हातात दिव्याचं बटण. तिघांपैकी दोघांचे दिवे पांढरे लागले की उचल मान्य, दोन लाल लागले की अमान्य. नाव पुकारल्यापासून एका मिनिटात सुरुवात करायची. स्क्वॉटमध्ये मांडीचा जांघेकडचा भाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेलाच पाहिजे, बोटभर वर राहिला तरी लाल दिवा. बेंचला बार छातीवर स्थिर व्हायला हवा आणि पंचाने ‘प्रेस’ म्हटल्याशिवाय ढकलायचा नाही. एका प्रकारात तिन्ही संधी हुकल्या तर बेरीजच होत नाही, सगळी मेहनत पाण्यात. मुलींच्या अंगावर टी-शर्ट आणि त्यावर कुस्तीगिरांसारखा एकसंध पोशाख होता, कमरेला रुंद पट्टा. कुणी गोल होती, कुणी काटकुळी. कुणाच्या पोटाकडे, रंगाकडे, उंचीकडे कुणी बघत नव्हतं. बघायची गरजच नव्हती, सगळं बारवर लिहिलेलं होतं. मुलीच्या शरीराबद्दल दोन तास जाहीरपणे बोललं जातंय आणि ती कशी दिसते याचा एकदाही उल्लेख नाही, असं मी पहिल्यांदाच अनुभवत होते.

बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवर एक किलोही उचलायचं नसतं. उचलण्याचं सगळं काम आधीच्या काही वर्षांत झालेलं असतं. तिथे स्नायूंचा भरीवपणा, अंगाची प्रमाणबद्धता आणि कातडीखालची चरबी किती उतरवलीय हे पंच डोळ्यांनी तपासतात. स्पर्धक शेजारीशेजारी उभे राहून ठरावीक पोझ देतात, दिव्यांत स्नायू उठून दिसावेत म्हणून अंगाला गडद रंग लावतात. आपल्याकडे ‘मुंबई श्री’, ‘महाराष्ट्र श्री’ या स्पर्धांना किती गर्दी लोटते हे सांगायला नकोच. स्त्रियांसाठीही फिजिक, फिगर, बिकिनी असे वेगवेगळे गट आंतरराष्ट्रीय पातळीवर आहेत. त्या पोशाखावरून आपल्या गावांत जी कुजबुज होते तिच्यात मला रस नाही. सज्ञान बाईने विचार करून घेतलेला तो निर्णय आहे आणि त्यामागची शिस्त भल्याभल्यांना झेपत नाही. माझी हरकत वेगळ्या गोष्टीला आहे. त्या स्टेजच्या तयारीचा आहार जिमच्या दारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलीला सरसकट लावला जातो, त्याला.

आधी व्यायामाचं बघू. पॉवरलिफ्टिंग करणारी मुलगी मुख्यतः तेच तीन प्रकार वर्षभर घोटते. वजन जड, एका दमात उचलायचं एक ते पाच वेळा आणि दोन सेटच्या मध्ये तीन ते पाच मिनिटं बसायचं. हे बसणं फार महत्त्वाचं असतं, पण आपल्याकडे बाई बसलेली दिसली की लोकांच्या पोटात दुखतं. ‘गप्पा मारायला येता का?’ असा टोमणा हमखास येतो. बॉडीबिल्डिंगमध्ये वजन मध्यम, आठ-दहा-बारा वेळा, विश्रांती एक-दीड मिनिट. आज छाती, उद्या पाठ, परवा पाय असे दिवस वाटलेले. बारच्या जोडीला डंबेल, केबल, मशीन, सगळं. एकेका स्नायूला वेगळं गाठून तो थकेपर्यंत राबवायचं.

या दोन पद्धती समोरासमोर ठेवून अमेरिकेत २०१४ मध्ये एक अभ्यास झाला. १७ तरुण पुरुषांचे दोन गट केले. एकाला दहा-दहा वेळांचे तीन सेट, दुसऱ्याला जड वजनाचे तीन-तीन वेळांचे सात सेट. एकूण उचललेलं वजन दोघांचं जवळपास सारखं. आठ आठवड्यांनी मोजलं तर दंडाचा स्नायू दोन्ही गटांत सारखाच वाढला होता, ताकद मात्र जड वजनवाल्यांची जास्त वाढली होती. पण पहिल्या गटाचा व्यायाम सुमारे १७ मिनिटांत उरकायचा आणि दुसऱ्याला ७० मिनिटं लागायची! अभ्यास पुरुषांवरचा आणि लहानसा आहे. तरी मुलांना शाळेत सोडून, स्वयंपाक आटपून जेमतेम पाऊण तास जिमला देणाऱ्या बाईने यातून एक गोष्ट जरूर घ्यावी. स्पर्धा खेळायची नसेल तर बॉडीबिल्डिंगची व्यायामाची पद्धत तिला जास्त सोयीची आहे. दहा-बारा वेळांचे मध्यम वजनाचे सेट मारून कुणी बाई पुरुषासारखी होत नाही. पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन बायकांच्या कितीतरी पट असतं, तेव्हा कुठे त्यांचे दंड तसे भरतात, आणि तेही वर्षानुवर्षं घाम गाळून. फोटोत पाहून आपण दचकतो त्या स्त्रियांच्या शरीरामागे अनेकदा इंजेक्शनं आणि गोळ्या असतात. त्याबद्दल पुढे बोलते.

आता ताट. खरी गोम इथेच आहे.

पॉवरलिफ्टिंगला आहार लागतो तो उचलण्यासाठी. जड वजन उचलताना शरीर पिष्टमय पदार्थांवर चालतं, म्हणजे आपली भाकरी, पोळी, भात, केळी, बटाटा, रताळं. व्यायामाआधी दीड-दोन तास वरणभात खाल्लेली मुलगी उपाशी मुलीपेक्षा जास्त उचलते, यात नवल काही नाही. स्नायू दुरुस्त व्हायला प्रथिनं लागतात. एवढं धरलं की बाकी घरचं जेवण चालतं, तेल-तुपाचं भय नाही. वर्षभर साधारण एकसारखं खायचं.

बॉडीबिल्डिंगमध्ये वर्षाचे दोन भाग पडतात. एका भागात स्नायू वाढावेत म्हणून गरजेपेक्षा थोडं जास्त खायचं. मग स्पर्धेआधी तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त, दर आठवड्याला खाणं कमी करत न्यायचं आणि चरबी वितळवायची, पण प्रथिनं भरपूर ठेवायची म्हणजे स्नायू टिकतात. शेवटच्या दिवसांत काही जण मीठ-पाण्याचेही खेळ करतात, ते तर धोक्याचेच. म्हणजे स्टेजवर सर्वांत ताकदवान दिसणारं शरीर त्या क्षणी बऱ्यापैकी अशक्त असतं. चक्कर येते, झोप लागत नाही, चिडचिड होते. अनुभवी स्पर्धक हे जाणून करतात आणि स्पर्धा संपली की पुन्हा जेवायला लागतात.

फिनलंडमध्ये फिटनेस स्पर्धेची तयारी करणाऱ्या २७ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही महिन्यांच्या आहारानंतर त्यांच्या शरीरातली चरबी २३ टक्क्यांवरून सुमारे १३ टक्क्यांवर आली. त्याबरोबर इस्ट्रोजेन घसरलं, थायरॉइडचं एक संप्रेरकही घसरलं. पुन्हा नीट खायला लागल्यावर तीन-चार महिन्यांत बरंचसं जागेवर आलं, पण सगळं नाही. २०१६ मधल्या दुसऱ्या एका नोंदीत, कुठलंही औषध न घेणाऱ्या एका स्पर्धक स्त्रीची पाळी तयारीच्या काळात थांबली आणि स्पर्धेनंतर ती परत यायला ७१ आठवडे लागले. जवळजवळ दीड वर्ष! शरीराचं गणित सरळ आहे. आत येणारं अन्न कमी पडलं की ते आधी घरखर्चातल्या ‘नंतर बघू’च्या गोष्टी बंद करतं आणि गर्भधारणेची तयारी ही त्यातली पहिली. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन कमी झालेलं असतं आणि इस्ट्रोजेन कमी म्हणजे हाडं ठिसूळ व्हायला सुरुवात. अठरा-वीस हे हाडांत भर घालायचं वय, ती भर नंतर घालता येत नाही.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या मुलीला सांगते, पावडर राहू दे, आधी आईला घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि खाणं किती कमी केलंस ते त्यांना खरंखरं सांग. ‘खेळाडूंची पाळी जातेच’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. आणि आजपासून भात चालू कर.

तशीही आपली सुरुवात कुठून होते ते बघा. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होतं. म्हणजे जिमची पायरी चढणाऱ्या दोघींतल्या एकीचं हिमोग्लोबिन आधीच खाली. तिला ‘डाएट’ म्हणून अजून कमी खायला सांगणं याला काय म्हणावं? जिमची फी भरायच्या आधी रक्त तपासून घ्या, खर्च फार नाही.

प्रथिनांचा हिशेबही करू, कारण डबा विकणारे इथेच घाबरवतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा तक्ता सांगतो. नियमित जड व्यायाम करणारीला किलोमागे दीड-पावणेदोन ग्रॅम धरतात, म्हणजे ८५ ते ९५. ऐकायला डोंगर वाटतो. पण बघा हं. दोन अंडी १२ ग्रॅम. दिवसभराच्या भाकरी-पोळ्यांचं २०० ग्रॅम पीठ, त्यातून २०. दोन वेळची मिळून ६० ग्रॅम कच्ची डाळ, त्यातून १४. मूठभर कोरड्या मटकीची उसळ, ७. मूठभर शेंगदाणे, ७. दूध-दही मिळून ४०० मिली, १३. आणि ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, १५. झाले ८८. अंडी खात नसाल तर वड्या आणि दही वाढवा, मुगाची धिरडी करा. यातलं एकही जिन्नस गावच्या किराणा दुकानात मिळत नाही असं नाही. मात्र डाळ वाटीत दिसली पाहिजे, आपल्या घरातल्या बायकांच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचं पाणी येतं ते चालायचं नाही. हे वाक्य मुद्दाम सासूबाईंना आणि नवरोबांनाही वाचून दाखवा.

पावडर म्हणजे काही विष नाही. ‘व्हे’ म्हणजे पनीर किंवा चीज करताना उरणारी निवळी, तीच गाळून-सुकवून केलेली पूड. ज्याला दिवसभर बाहेर राहून खाणं जमत नाही त्याला ती सोयीची पडते. पण २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने दिलेल्या आहारविषयक सूचनांत स्नायू वाढवण्यासाठी अशा पावडरी टाळाव्यात असंच म्हटलं आहे. ट्रेनर डबा स्वतःच विकत असेल तर त्याच्या सल्ल्याला किती वजन द्यायचं, ते तुम्हीच ठरवा.

पॉवरलिफ्टिंगमध्येही उपासाचा मोह आहे, तो लपवत नाही. खेळ वजनगटांत होतो, ४७, ५२, ५७ किलो असे गट असतात. ५८ किलोची मुलगी ५७ च्या गटात बसावी म्हणून तिला दोन दिवस उपाशी ठेवणारे महाभाग आहेत. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार वजन स्पर्धेच्या दोन तास आधी घेतात. तेवढ्या वेळात उपाशी, तहानलेलं शरीर काय सावरणार आणि काय उचलणार? वाढत्या वयाच्या मुलीला सरळ वरच्या गटात खेळवावं. पदक एका वर्षाने मिळेल, मिळू दे.

औषधांच्या बाबतीत दोन्ही खेळ सारखेच बदनाम आहेत. उत्तेजकांमुळे बायकांचा आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात, पाळी जाते, आणि आवाज तर औषध सोडल्यावरही पूर्ववत होत नाही. ‘ताकदीचं इंजेक्शन’, ‘विटामिनचं इंजेक्शन’ अशा गोड नावांनी ती जिममध्ये मिळतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मुलीला कुणी सुई टोचू पाहत असेल तर जिम त्याच दिवशी बदला.

पहिलं पत्र लिहिणाऱ्या ताईंना माझं स्पष्ट सांगणं आहे, मुलीला पॉवरलिफ्टिंग करू द्या. गोळाफेकीची सवय असलेल्या मुलीला ते आवडेल आणि ती खाऊन-पिऊन खेळेल. स्टेजवरच्या बॉडीबिल्डिंगचं नाव तिने एकवीस-बाविशीनंतर काढलं तर तेव्हा पुन्हा बोलू, त्या आधी नको. शिकवणारा कसा आहे ते मात्र जाऊन बघा. पहिले काही आठवडे तो नुसत्या काठीवर किंवा रिकाम्या बारवर बसणं-उठणं घोटून घेतोय का? रिकामा बारच वीस किलोंचा असतो. स्क्वॉटच्या रॅकला आडवे गज लावतोय का, बेंचला डोक्याशी कुणी उभं राहतं का? उचललेल्या वजनाची वही ठेवायला सांगतोय का? त्या वहीत मुलीने पाळीच्या तारखाही लिहाव्यात. आणि या खेळाच्या संघटना एकापेक्षा जास्त आहेत. कुणाचं प्रमाणपत्र नोकरीच्या किंवा गुणांच्या सवलतीला चालतं, हे प्रवेश फी भरायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्या, नंतर नाही.

तिथे गेल्यावर ताई, तुम्ही स्वतःही बारकडे जरा बघा. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय पासष्ट. त्यांच्यातल्या निम्म्या स्त्रियांना प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि बार डोक्यावर ढकलायचा व्यायाम दिला, जोडीला उडीचा एक प्रकार. वजन हळूहळू वाढवत जड केलं, पाच-पाच वेळांचे पाच सेट. बाकीच्या घरी हलका व्यायाम करत राहिल्या. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास तीन टक्क्यांनी वाढली होती, दुसऱ्या गटाची एक टक्क्याहून थोडी जास्त घटली होती. रक्तदाब, अंग बाहेर येणं किंवा कंबरेचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नसेल तर लेडीज बॅच दुपारी बारालाच सुरू होते आणि तेव्हा बार रिकामाच असतो.